फाइल बदलली, मग उत्तर का बदललं नाही?

खानदेशातल्या कोरडवाहू कपाशीला एकूण पाऊस किती झाला यापेक्षा मध्ये किती दिवस झाला नाही, हे जास्त भोवतं. 2023 च्या खरिपात ऑगस्ट कोरडा गेला, तेव्हा पीकविम्याच्या 25 टक्के अग्रिम रकमेसाठी पावसातला 21 दिवसांचा खंड हा निकष गावोगावी चर्चेत आला. खंड 20 दिवसांचा की 22 दिवसांचा, यावर शेतकऱ्याच्या पदरात काही पडणार की नाही हे ठरत होतं. खंड मोजायचा तर आधी एक गोष्ट नक्की करावी लागते: नुसते शिंतोडे पडले, तर तो दिवस पावसाचा धरायचा का? भारतीय हवामान विभागाची व्याख्या स्पष्ट आहे. दिवसभरात 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तरच तो पावसाचा दिवस.

हा हिशेब पायथन शिकणाऱ्यांच्या हाताला अगदी योग्य आहे. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 साली स्थापन झालं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. बांभोरी, फैजपूर, धुळे, शिरपूर इथे अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत. जळगाव जिल्ह्याचे 15 आणि धुळ्याचे 4 अशा 19 तालुक्यांच्या रोजच्या पावसाच्या नोंदी घ्यायच्या आणि प्रत्येक तालुक्यातला सर्वांत लांब खंड शोधायचा, असा प्रकल्प या भागातला कोणताही विद्यार्थी करू शकतो. तो करताना प्रत्येक नवशिक्याला कधी ना कधी जो धक्का बसतो, त्याबद्दल हा लेख आहे. फाइलमधली चूक सुधारली, फाइल सेव्ह केली, पुन्हा चालवून पाहिलं. उत्तर मात्र जुनंच येतं.

आठ दिवसांची नोंद

समजा, एका विद्यार्थिनीने ‘पाऊस’ नावाची फाइल लिहिली. तिच्यात ‘खंड_मोज’ नावाचं एक फंक्शन आहे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे 2008 पासून, अशी देवनागरी नावं चालतात. ‘इम्पोर्ट’सारखे भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमन अक्षरांत टंकावे लागतात. मग तिने पायथनचं सेशन सुरू केलं, 19 तालुक्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी मेमरीत चढवल्या आणि ‘इम्पोर्ट पाऊस’ असं लिहून आपली फाइल आत घेतली. पडताळणीसाठी तिने आठ दिवसांची एक छोटी यादी केली. पाऊस मिलिमीटरमध्ये असा: 0, 0, 0.4, 0, 0, 0, 12, 0.

फंक्शनने उत्तर दिलं: 3. पण तिसऱ्या दिवशीचे 0.4 मिलिमीटर हे नुसते शिंतोडे होते. फंक्शनमध्ये ‘पाऊस शून्याहून जास्त’ अशी अट होती, म्हणून तेवढ्यानेच खंड तुटला. तिने फाइल उघडली, अट ‘2.5 किंवा जास्त’ अशी केली आणि सेव्ह केली. आता पहिले सहा दिवस सलग कोरडे धरले जायला हवेत आणि उत्तर 6 यायला हवं. तिने सेशनमध्ये पुन्हा तेच फंक्शन चालवलं. उत्तर आलं 3. ‘इम्पोर्ट पाऊस’ पुन्हा लिहिलं. तरीही 3.

यात पायथनचं काही बिघडलेलं नाही. त्याने ठरल्याप्रमाणेच काम केलं आहे.

पहिला इम्पोर्ट आणि दुसरा इम्पोर्ट

सेशनमध्ये ‘इम्पोर्ट पाऊस’ असं पहिल्यांदा लिहिलं की पायथन आधी आपली एक नोंदवही पाहतं. या नोंदवहीचं अधिकृत नाव ‘सिस.मॉड्यूल्स’. आतापर्यंत आत आलेल्या प्रत्येक मॉड्यूलचं (म्हणजे इम्पोर्ट केलेल्या फाइलीचं) नाव आणि त्याच्यासमोर मेमरीतलं ते मॉड्यूल, अशी ही यादी असते. तिथे ‘पाऊस’ सापडलं नाही, तर पायथन ठरलेल्या फोल्डरांत ती फाइल शोधतं, मॉड्यूलचं एक रिकामं ऑब्जेक्ट तयार करून नोंदवहीत टाकतं, फाइलचं बाइटकोडमध्ये, म्हणजे स्वतःला चालवता येईल अशा रूपात, रूपांतर करतं आणि मग ती वरपासून खालपर्यंत चालवतं. फाइलमधली फंक्शनं, क्लास, स्थिरांक या सगळ्यांची नावं त्या ऑब्जेक्टच्या आत जमा होतात.

दुसऱ्यांदा ‘इम्पोर्ट पाऊस’ लिहिलं की पायथन पुन्हा आधी नोंदवहीच पाहतं. नाव तिथे असतं, म्हणून आधीचं मॉड्यूल परत देतं आणि काम संपतं. डिस्कवरच्या फाइलकडे ते पाहतही नाही. तुम्ही फाइल बदलली आहे, हे त्याला कळलेलंच नसतं.

असं का ठेवलं असेल? एक कारण वेगाचं आहे. मोठ्या प्रोग्रामच्या पन्नास फाइलींनी एकच मॉड्यूल मागितलं, तर ते पन्नास वेळा चालवण्यात काहीच हशील नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. त्या पन्नासही फाइलींना एकच मॉड्यूल मिळालं पाहिजे. प्रत्येकाला आपली वेगळी प्रत मिळाली, तर एका फाइलने बदललेली सेटिंग दुसऱ्या फाइलला कधीच दिसणार नाही. प्रोग्रामचे सगळे भाग एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत याची खात्री ही नोंदवही देते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बाइटकोड ‘पायकॅश’ नावाच्या फोल्डरमध्ये साठवलेलं असतं. उत्तर जुनं येतं म्हणून पुष्कळ विद्यार्थी ते फोल्डरच उडवतात. त्याने काही होत नाही, कारण दोष तिथे नसतोच. साठवलेलं बाइटकोड वापरण्याआधी पायथन मूळ फाइलच्या बदलाची वेळ आणि आकार ताडून पाहतं. फाइल बदललेली असेल तर बाइटकोड नव्याने तयार करतं. जुनेपणा मेमरीत बसलेला असतो.

रीलोड नेमकं काय करतं

यावर उपाय म्हणजे रीलोड. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘रीलोड’ हे फंक्शन थेट हाताशी असायचं. तिसऱ्या आवृत्तीत ते ‘इम्प’ नावाच्या मॉड्यूलमध्ये गेलं आणि 2014 च्या 3.4 पासून ‘इम्पोर्टलिब’मध्ये आलं. ‘इम्प’ हे जुनं मॉड्यूल 2023 च्या 3.12 मधून काढूनच टाकलं गेलं. त्यामुळे जुन्या पुस्तकातला मार्ग आज चालला नाही, तर घाबरू नये, ‘इम्पोर्टलिब.रीलोड’ वापरावं.

आपल्या विद्यार्थिनीने ‘इम्पोर्टलिब.रीलोड(पाऊस)’ चालवलं आणि मग ‘पाऊस.खंड_मोज’ला तीच आठ दिवसांची यादी दिली. उत्तर आलं 6. 19 तालुक्यांच्या नोंदी मेमरीत होत्या तशाच राहिल्या; त्या पुन्हा चढवण्यात वेळ गेला नाही. संवादी सेशनमध्ये रीलोडचं मोल हेच आहे.

रीलोड जुनं मॉड्यूल फेकून नवं आणत नाही, ही त्याची खरी गोम आहे. मॉड्यूलचं ऑब्जेक्ट तेच राहतं आणि त्याच्याच आत फाइल पुन्हा वरून खाली चालते. घर तेच, पत्ता तोच, आतलं सामान तेवढं नव्याने येतं. ज्या नावाचं नवं सामान आलं, त्या नावाचं जुनं बाहेर जातं. ज्या नावाचं नवं आलंच नाही, ते जुनं सामान घरातच पडून राहतं. आणि कोणी आधीच एखादी खुर्ची उचलून अंगणात नेली असेल, तर तो त्या जुन्याच खुर्चीवर बसलेला राहतो. रीलोडमध्ये लोक जिथे जिथे फसतात, ती बहुतेक ठिकाणं या तीन गोष्टींतून निघतात.

घरातच राहिलेलं जुनं सामान

विद्यार्थिनीला ‘खंड_मोज’ हे नाव आवडलं नाही. फाइलमध्ये तिने ते ‘सर्वांत_लांब_खंड’ असं केलं आणि रीलोड केलं. नवं नाव चालू लागलं, पण जुनंही चालतच राहिलं, कारण ते काढून टाकायला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या दुसऱ्या एका फाइलमध्ये अजून ‘खंड_मोज’ लिहिलेलं आहे. आज सेशनमध्ये ती फाइल बिनबोभाट चालते. परीक्षकांसमोर नव्या सेशनमध्ये ती सुरू केली की ‘असं नाव नाही’ म्हणून अडते. घरी चालणारा प्रकल्प सादरीकरणात कोसळण्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

याच गुणाचा चांगला उपयोगही करता येतो आणि पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात तो सुचवलेला आहे. मॉड्यूलच्या आत एखादा मोठा तक्ता साठवायचा असेल, तर फाइलमध्ये असं लिहावं: तो तक्ता आधीपासून असेल तर हात लावू नकोस, नसेल तरच नवा कर. मग कितीही वेळा रीलोड केलं तरी साठवलेला तक्ता शाबूत राहतो आणि फंक्शनं तेवढी ताजी होतात.

रीलोड मध्येच अडलं तर काय होतं, हेही माहीत असावं. कंस सोडला किंवा ओळ चुकीची लिहिली, तर फाइलचं रूपांतरच होत नाही आणि जुनं मॉड्यूल जसंच्या तसं राहतं. पण फाइल चालता चालता विसाव्या ओळीवर चूक निघाली, तर वरच्या एकोणीस ओळी नव्या झालेल्या असतात आणि खालचं सगळं जुनं राहतं. अशा वेळी चूक दुरुस्त करून पुन्हा रीलोड केल्याशिवाय पुढे एकही आकडा मानू नये.

अंगणात नेलेली खुर्ची

पुष्कळ जण ‘इम्पोर्ट पाऊस’ असं न लिहिता ‘फ्रॉम पाऊस इम्पोर्ट खंड_मोज’ असं लिहितात. टंकायला कमी लागतं. पण यामुळे सेशनमध्ये ‘खंड_मोज’ हे स्वतंत्र नाव तयार होतं आणि ते थेट त्या वेळच्या फंक्शनला बांधलेलं असतं. रीलोडमुळे मॉड्यूलच्या आतलं नाव नव्या फंक्शनला बांधलं जातं. सेशनमधल्या नावाला त्याची खबर लागत नाही. म्हणून एकाच सेशनमध्ये, एकाच यादीवर, ‘पाऊस.खंड_मोज’ 6 सांगतं आणि नुसतं ‘खंड_मोज’ 3 सांगतं. ‘फ्रॉम’ची ती ओळ पुन्हा चालवली की मगच दोघांचं जुळतं.

क्लासच्या बाबतीत गुंता वाढतो. फाइलमध्ये ‘तालुका’ नावाचा क्लास आहे आणि रीलोडआधी त्यापासून ‘साक्री’ हे ऑब्जेक्ट तयार केलं होतं, असं धरू. रीलोडनंतर ‘तालुका’ हा नवा क्लास आहे, साक्री मात्र जुन्या क्लासचं आहे. साक्री या नव्या ‘तालुका’चं ऑब्जेक्ट आहे का, असं विचारलं तर पायथन ‘नाही’ म्हणतं, आणि ते बरोबरच आहे. क्लासमधली एखादी पद्धत सुधारली असेल, तर रीलोडनंतर तयार केलेलं शिंदखेडा नव्या पद्धतीने मोजतं आणि साक्री जुन्याच. एकाच तक्त्यात दोन तालुके दोन नियमांनी मोजलेले असतात आणि तक्ता पाहून ते कळत नाही.

याहून बारीक गोष्ट पुढे आहे. जुनं फंक्शन चालताना फाइलमधल्या दुसऱ्या फंक्शनला बोलावतं, तेव्हा ते त्याचं नाव मॉड्यूलच्या आत शोधतं. मॉड्यूल तेच आहे आणि आतलं ते दुसरं फंक्शन नवं झालेलं आहे. म्हणजे साक्रीची जुनी पद्धत आतून नवं ‘खंड_मोज’ बोलावू शकते. उत्तर अर्धं जुन्या नियमाचं, अर्धं नव्या नियमाचं. फाइल कितीही वाचली तरी असं उत्तर का आलं ते उमगत नाही, कारण तो प्रोग्राम पूर्णपणे कोणत्याच फाइलमध्ये नसतो.

फाइलमागे फाइल

प्रकल्प वाढला की निकष वेगळ्या फाइलमध्ये काढले जातात. पावसाच्या दिवसासाठी 2.5 मिलिमीटर, महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त झाला तर अतिवृष्टी. हे आकडे ‘निकष’ नावाच्या मॉड्यूलमध्ये ठेवले आणि ‘पाऊस’ने ते इम्पोर्ट केले. आता ‘निकष’मध्ये बदल करून ‘पाऊस’ रीलोड केलं तर काय होईल? काहीच नाही. ‘पाऊस’ पुन्हा चालतं, त्यातली ‘इम्पोर्ट निकष’ ही ओळही चालते, पण ‘निकष’ नोंदवहीत आधीपासून असतं. म्हणून जुनंच हाती येतं. रीलोड फक्त सांगितलेल्या मॉड्यूलपुरतं चालतं, त्याच्यामागच्या मॉड्यूलांपर्यंत जात नाही.

म्हणून क्रम पाळावा: आधी तळाचं मॉड्यूल, मग त्याच्यावर अवलंबून असलेलं. ‘पाऊस’मध्ये ‘निकष.मर्यादा’ असं पूर्ण नाव वापरलेलं असेल, तर एकटं ‘निकष’ रीलोड करूनही भागतं, कारण दर वेळी नाव मॉड्यूलमध्ये जाऊन पाहिलं जातं. ‘फ्रॉम’ वापरून मर्यादा आपल्याकडे आणलेली असेल, तर दोन्ही मॉड्यूलं क्रमाने रीलोड करावी लागतात. पूर्ण नाव लिहायची सवय म्हणूनच चांगली. चार अक्षरं जास्त टंकावी लागतात, तासभराचा शोध वाचतो.

आपोआप रीलोड

प्रत्येक वेळी हाताने रीलोड करण्याचा कंटाळा येतो. त्याची सोय आयपायथनमध्ये आहे. फर्नांडो पेरेझ या मूळच्या कोलंबियाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2001 मध्ये, संशोधक विद्यार्थी असताना, ही सुधारित संवादी खिडकी लिहायला घेतली. 2014 मध्ये तिच्यातून ज्युपिटर प्रकल्प वेगळा झाला आणि आज महाविद्यालयांत दिसणाऱ्या नोटबुका त्याच्या आहेत. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाच्या पायथन पाठांतही आयपायथनच वापरलेलं आहे.

आयपायथनचं ‘ऑटोरीलोड’ एकदा चढवलं आणि त्याला 2 हा पर्याय दिला, की प्रत्येक सेल, म्हणजे नोटबुकमधला कोडचा एकेक तुकडा, चालवण्याआधी ते इम्पोर्ट केलेल्या फाइली बदलल्या आहेत का ते पाहतं आणि बदललेल्या रीलोड करतं. ते आणखीही एक काम करतं. जुन्या फंक्शनच्या पोटात नवं बाइटकोड घालतं आणि जुन्या क्लासच्या पद्धती जागच्या जागी बदलतं. त्यामुळे ‘फ्रॉम’ने आणलेली नावंही बहुतेक वेळा ताजी होतात. पण हे शंभर टक्के होईलच असं नाही. सी भाषेत लिहिलेली मॉड्यूलं या मार्गाने बदलत नाहीत. नंपाय किंवा पांडाससारखी मोठी लायब्ररी रीलोड करण्याच्या भानगडीत तर पडूच नये. गुगल कोलॅबवर अशा लायब्ररीची नवी आवृत्ती बसवली की सेशन पुन्हा सुरू करायला सांगतात, त्याचं कारण हेच.

बंद ठेवता न येणारं यंत्र

चालत्या प्रोग्राममध्ये नवा कोड घालण्याची गरज फक्त विद्यार्थ्यांची नाही. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी अर्लांग ही भाषा घडवली. एक्स्चेंज बंद करून सुधारणा करता येत नाही. लोक फोनवर बोलत असतात. म्हणून अर्लांगमध्ये प्रत्येक मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी मेमरीत राहू शकतात, एक चालू आणि एक जुनी. सुरू असलेलं काम जुन्या आवृत्तीवर चालू राहतं आणि मॉड्यूलच्या पूर्ण नावाने फंक्शन बोलावलं की नव्यावर जातं. तिसरी आवृत्ती आली, की सर्वांत जुन्या आवृत्तीवर अजून अडून बसलेलं काम बंद केलं जातं.

अर्लांगमध्ये जुनं कुठपर्यंत आणि नवं कुठून, याचा नियम भाषेनेच आखलेला आहे. पायथनमध्ये तसा नियम नाही. तिथे रीलोड हे विकास करताना वापरायचं साधन आहे. जुन्या-नव्याची सीमा कुठे आहे याचं भान प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच ठेवायचं असतं.

विश्वास कशावर ठेवायचा

2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी गिटहबवरच्या 14 लाख नोटबुकांचा धांडोळा घेतला. ज्या नोटबुका पुन्हा चालवून पाहिल्या, त्यांतल्या सुमारे 24 टक्केच चुका न येता शेवटपर्यंत चालल्या. आधीचीच उत्तरं पुन्हा आली ती सुमारे 4 टक्क्यांतच. याला कारणं अनेक आहेत: हव्या त्या लायब्ररी नसणं, सेल भलत्या क्रमाने चालवणं, मेमरीत उरलेल्या जुन्या नावांवर विसंबणं. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. सेशनमध्ये जे असतं आणि फाइलमध्ये जे लिहिलेलं असतं, ते एक नसतं.

म्हणून काम करताना रीलोड मोकळेपणाने वापरावं. ते न वापरता प्रत्येक दुरुस्तीला सेशन बंद करून 19 तालुक्यांच्या नोंदी पुन्हा चढवत बसणं म्हणजे शिकण्याची गती घालवणं. विचार करायला, चाचपून पाहायला, चूक पकडायला सेशन जिवंत असलेलंच बरं. पण जो आकडा प्रकल्पात छापायचा, परीक्षकांना दाखवायचा किंवा एखाद्या शेतकऱ्याला सांगायचा, तो जुन्या सेशनमधला नसावा. त्यासाठी कर्नल, म्हणजे नोटबुकमागे चालणारं पायथनचं सेशन, बंद करून पुन्हा सुरू करावा आणि नोटबुक पहिल्या सेलपासून शेवटच्यापर्यंत क्रमाने चालवावी. फाइली असतील तर नव्या टर्मिनलमध्ये चालवाव्यात. दोन्ही वेळा उत्तर सारखं आलं, तरच ते उत्तर.

जळगाव-धुळ्यातल्या प्राध्यापकांना यासाठी एक विनंती आहे. इम्पोर्ट शिकवताना त्याच तासाला नोंदवहीही दाखवा. फाइल बदलून जुनं उत्तर वर्गासमोर येऊ द्या, मग रीलोड करा, आणि शेवटी सेशन बंद करून सगळं पहिल्यापासून चालवून घ्या. प्रकल्पाला गुण देण्याआधी तो एकदा कोऱ्या सेशनमध्ये चालवून पाहण्याचा नियम ठेवा.